आधी आशा, मग आचरण

एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: त्यांचे पती बेचाळीस वर्षांचे. आतड्याचा कर्करोग, शस्त्रक्रियेनंतर दीड वर्षाने पुन्हा उलटलेला, आता किमो चालू. मुलगी नववीत, मुलगा चौथीत. आमच्या चर्चच्या मंडळीतले काहीजण म्हणतात, घरात लपलेलं पाप असेल. प्रार्थनासभा घेणाऱ्या एका सेवकाने किमो थांबवा, नुसता विश्वास धरा आणि विश्वासाचं ‘बियाणं’ म्हणून मोठी रक्कम द्या, असं सांगितलं. ओळखीतला एकजण कमी उत्पन्नाचा खोटा दाखला काढून द्यायला तयार आहे, म्हणजे धर्मादाय खाट मिळेल. ‘मी मुलांवर ओरडते. प्रार्थनेला बसले की शब्द फुटत नाही. अशा दिवसांत पवित्र जीवन जगायचं म्हणजे नेमकं काय करायचं? आणि आशा कशाची धरायची? आमचं काय चुकलं?’

ताई, सलाम.

तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. शेवटचा प्रश्न तुम्ही घाईघाईत लिहिला आहे, पण बाकीचे सगळे त्याच्यावरच उभे आहेत. पाळक म्हणून मी सव्वीस वर्षं काढली. त्यातली बारा रुग्णालयाच्या वॉर्डांत, खाटेशेजारच्या स्टुलावर बसून गेली. ‘आमचं काय चुकलं?’ हे कानावर पडलं नाही असा आठवडा क्वचितच गेला असेल. म्हणून उत्तर तिथूनच सुरू करतो.

तुमच्या पतीचा आजार म्हणजे तुमच्या पापांची वसुली नव्हे. हे मी तुमचं मन राखायला सांगत नाही. येशूला हाच प्रश्न समोरासमोर विचारला गेला होता. लूकच्या शुभवर्तमानात तेराव्या अध्यायात शिलोहाच्या बुरुजाची गोष्ट येते. बुरूज कोसळला आणि अठरा माणसं दबून मेली. ती माणसं यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होती काय, असं येशूने विचारलं आणि ‘नाही’ हे उत्तरही स्वतःच दिलं. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांना जन्मांध माणूस दिसतो आणि ते लगेच चौकशी करतात: पाप कोणाचं, ह्याचं की ह्याच्या आईबापांचं? येशू दोन्ही नाकारतो. मुलंबाळं, संपत्ती, आरोग्य सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, तोवर ते खरे मित्र होते. बोलायला लागले आणि बिघडलं. शेवटी देव रागावला तो ह्या कारणं सांगणाऱ्यांवर. देवाशी हुज्जत घालणाऱ्या ईयोबाच्या बाजूने मात्र तो बोलला.

आत्मपरीक्षण करू नये, असं मी म्हणत नाही. चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीआधी, प्रभुभोजनाआधी, ते आपण सगळेच करतो, निरोगी माणसंही. पण दुसऱ्याच्या एक्स-रेवर त्याचं पाप शोधणं हे मंडळीचं काम नाही. पुन्हा कोणी घरी येऊन तसं बोललं तर चहा द्या आणि सांगा, ‘ह्या विषयावर आम्ही येशूचं ऐकायचं ठरवलंय.’ एवढं पुरे.

ह्या बाबतीत मीही एकदा चुकलो आहे. पाळक होऊन दोन वर्षं झाली होती. एका तरुण विधवेला मी कबरस्तानातच म्हणालो, ‘देवाची इच्छा, बाई.’ ती काही बोलली नाही. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पदर तोंडावर ओढला. पुढे वर्षभर ती भक्तीला आली नाही. मी दिलेलं वाक्य तिला आधार द्यायला नव्हतंच, माझी अवघड वेळ निभावून न्यायला होतं. येशू आपला मित्र लाजर ह्याच्या कबरेजवळ गेला तेव्हा आपण त्याला उठवणार आहोत हे त्याला ठाऊक होतं, तरी आधी ‘येशू रडला’. मला ते वचन पाठ होतं, पण त्या दिवशी ते माझ्या काही कामी आलं नाही.

आता आशा आणि पवित्रता. ह्या दोन शब्दांसाठी मी माणसांना नेहमी बायबलमधल्या, येशूचा शिष्य पेत्र ह्याच्या पहिल्या पत्राकडे नेतो. पाच छोटे अध्याय आहेत, एका बैठकीत वाचून होतात. ते लिहिलं आहे पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया आणि बिथुनिया इथे विखुरलेल्या विश्वासणाऱ्यांना, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या लोकांना. त्यांत गुलाम होते, वचन न मानणाऱ्या नवऱ्यांच्या बायका होत्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कुजबुजीने हैराण झालेली साधी माणसं होती. दुःख सोसण्यासाठी जो ग्रीक शब्द आहे तो एवढ्याशा पत्रात बारा वेळा येतो. त्यांचं दुःख मुख्यतः श्रद्धेमुळे आलेलं होतं, आजारपणाचं नव्हतं, हे मी लपवणार नाही. पण पेत्र पहिल्याच अध्यायात ‘नाना प्रकारच्या परीक्षा’ म्हणतो, आणि त्या शब्दांत तुमचा किमोचा वॉर्डही बसतो.

ह्या पत्रात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो त्याचा क्रम. पत्राची पहिली बारा वचनं वाचा. त्यांत एकही आज्ञा नाही. देवाने काय केलं, एवढंच आहे: ख्रिस्ताला मेलेल्यांतून उठवलं, त्यामुळे आपल्याला नवा जन्म आणि जिवंत आशा मिळाली, कुजणार नाही, मळणार नाही, कोमेजणार नाही असं वतन स्वर्गात राखून ठेवलं. पहिली आज्ञा येते तेराव्या वचनात, आणि मूळ ग्रीकमध्ये ते पहिलं आज्ञार्थी क्रियापद आहे ‘आशा ठेवा’. मनाची कंबर बांधून, शुद्धीवर राहून, पूर्ण आशा ठेवा. त्यानंतर पंधराव्या-सोळाव्या वचनात ‘तुम्ही पवित्र असा, कारण मी पवित्र आहे’ हे येतं. आधी आशा, मग आचरण.

आजारपणाच्या घरात हा क्रम उलटा होतो. मी शेकडो घरांत पाहिलाय. माणूस मनाशी सौदा मांडतो: मी चिडणं सोडतो, उपवास करतो, बायबलचे दहा अध्याय रोज वाचतो, मग तरी देवाने ऐकावं. पवित्रता ही जणू बरं होण्याची फी होते. मग रिपोर्ट वाईट आला की दुहेरी मार बसतो. आजार आहेच, वर ‘माझी फी कमी पडली’ हे ओझं. तुमच्या पत्रात मला हे ओझं दिसतं. ते खाली ठेवा. पेत्राच्या हिशोबात आशा तुमच्या वागण्यावर टांगलेली नाही. ती एका रिकाम्या कबरेवर उभी आहे. तुम्ही काल मुलांवर ओरडलात म्हणून ती कबर पुन्हा भरली नाही.

आणि म्हणूनच आशा म्हणजे पुढच्या स्कॅनची अपेक्षा नव्हे. अपेक्षा जरूर ठेवा, मीही ठेवतो. डॉक्टर बाहेर आले की माझंही काळीज धडधडतं. पण ती अपेक्षा आकड्यांबरोबर खालीवर होणार. आशा ही की तुमचे पती आणि तुम्ही ज्याच्या हातात आहात त्याने मरण ओलांडलेलं आहे, आणि तो त्यांना सोडणार नाही: बरे झाले तरी, नाही झाले तरी. हे लिहिताना माझा हात जड होतो. २०२१च्या एप्रिलमध्ये माझा धाकटा भाऊ कोविडने गेला. दफनाला आम्ही चारजण होतो, अंगावर ते पांढरे पोशाख, चेहरे ओळखू येत नव्हते. गीत गायचं ठरवलं होतं, पण कोणाच्याच गळ्यातून आवाज निघाला नाही. प्रेषित पौल थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहितो की आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका. त्याने शोक करायला मनाई केलेली नाही, हे मला त्या दिवसापर्यंत नीट कळलं नव्हतं. आम्ही शोक केला. आशा तेव्हा भावना म्हणून जाणवत नव्हती. पण मातीवर मूठभर माती टाकताना ‘पुनरुत्थानाच्या आशेने’ हे शब्द मी उच्चारले, आणि ते खोटे वाटले नाहीत.

आता दाखल्याचा प्रश्न. तो तुम्ही चाचरत विचारलाय, पण पवित्र जीवनाचा खरा प्रश्न मला तोच वाटतो, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो.

‘पवित्र असा’ हे पेत्राचं स्वतःचं वाक्य नव्हे. त्याने ते जुन्या करारातल्या लेवीय ह्या पुस्तकातून घेतलंय. लेवीयचा एकोणिसावा अध्याय उघडा. सुरुवातीलाच हे वाक्य आहे. त्यानंतर देव पवित्रतेचा अर्थ सांगायला लागतो, आणि आपण डोळे मिटून गाभाऱ्याची वाट पाहत असतो तेव्हा तो आपल्याला थेट शेतात नेतो. पीक कापताना शेताच्या कडा कापू नकोस, पडलेली कणसं वेचू नकोस, ती गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू दे. चोरी करू नका, एकमेकांशी खोटं बोलू नका. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नकोस. बहिऱ्याला शाप देऊ नकोस, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नकोस. पिकल्या केसांच्या माणसापुढे उठून उभा राहा. वजनं-मापं खरी ठेव. पवित्रतेचा हा तपशील आहे. धुणंभांडी करणाऱ्या बाईंचे पैसे महिना संपताच देणं ह्यात बसतं, आजारपणाचा खर्च कितीही वाढला तरी.

आता धर्मादाय खाट म्हणजे काय ते पाहा. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेल्या धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी बिलांतून दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत काढली जाते. ताई, ती खाट म्हणजे शेताची न कापलेली कड आहे. बायबलमधली परकी विधवा रूथ अशाच कडेवर कणसं वेचून जगली; ती खाट कोणातरी रूथसाठी सोडलेली आहे. खोट्या दाखल्यावर आपण ती घेतली तर रुग्णालयाचं किंवा सरकारचं फारसं नुकसान होत नाही. नुकसान होतं त्या माणसाचं, जो आज एखाद्या पाड्यावरून एसटीने निघालाय आणि ज्याला उद्या ‘खाट शिल्लक नाही’ असं सांगितलं जाईल. त्याचा चेहरा आपल्याला दिसणार नाही एवढंच. म्हणून माझं उत्तर स्पष्ट आहे: तो दाखला घेऊ नका.

पण एवढं बोलून मी हात झटकले तर तो ढोंगीपणा होईल. पुढचंही ऐका. तुमच्या पतीचं काम बंद झालंय, म्हणजे उत्पन्न खरोखर घटलेलं असू शकतं. खरा आकडा नियमात बसत असेल तर खरा दाखला काढा आणि मान ताठ ठेवून खाट मागा. कड तुमच्यासाठीही सोडलेली आहे, त्यात संकोच कसला? रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवा अधीक्षक किंवा समाजसेवक असतात, त्यांना कागदपत्रं घेऊन भेटा. कुठल्या शासकीय योजनेत उपचार बसतात, कुठले ट्रस्ट मदत करतात, हे त्यांना नातेवाइकांपेक्षा चांगलं माहीत असतं. आणि तुमच्या मंडळीच्या पंचांना, वडीलजनांना सांगा की आम्हाला पैशांची गरज आहे. हे सांगताना लाज वाटली तर ती लाज खरं तर मंडळीची आहे. ज्या मंडळीत ध्वनिव्यवस्थेसाठी वर्गणी जमते आणि सभासदाला किमोसाठी खोट्या दाखल्याचा विचार करावा लागतो, तिने एकत्र बसून लेवीय वाचायला हवं. तुमच्या पाळकांना हे उत्तर दाखवलंत तरी माझी हरकत नाही.

पेत्राच्या वाचकांनी हे धडे किती मनावर घेतले, ह्याची एक साक्ष बाहेरच्या माणसाने लिहून ठेवलीय. इ. स. ११२च्या सुमारास प्लिनी नावाचा रोमी अधिकारी बिथुनिया आणि पंत ह्याच प्रांताचा कारभार पाहत होता. ख्रिस्ती लोकांचं काय करावं, असं त्याने सम्राट त्राजानला पत्राने विचारलं. चौकशीत त्याला काय सापडलं? ही माणसं ठरलेल्या दिवशी उजाडण्याआधी जमतात, ख्रिस्ताला देव मानून गीत गातात आणि शपथ घेतात. शपथ कटकारस्थानाची नाही. चोरी, दरोडा, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, आणि कोणी ठेव ठेवायला दिली असेल तर परत मागितल्यावर नाकारणार नाही, अशी. आणखी काही हाती लागतंय का ते पाहण्यासाठी त्याने मंडळीत सेवा करणाऱ्या दोन दासींचा छळ केला. तरीही त्याला पकडण्याजोगं काही मिळालं नाही. मला त्या दोघींची नेहमी आठवण येते. त्यांची नावं प्लिनीने लिहिली नाहीत. जीव धोक्यात असताना त्यांच्या मंडळीची पहाटेची प्रतिज्ञा होती शेजाऱ्याची ठेव परत करण्याची. ‘दुःखात पवित्र जीवन’ म्हटलं की मला तेजोवलय असलेली चित्रं दिसत नाहीत, ही ठेव दिसते.

किमो थांबवण्याबद्दल मी थोडक्यात आणि ठामपणे सांगतो: थांबवू नका. उपचार घेणं म्हणजे अविश्वास, हे शास्त्रात कुठेही नाही. हिज्कीया राजाने रडून प्रार्थना केली, देवाने त्याला पंधरा वर्षं आयुष्य वाढवून दिलं, आणि त्याच वेळी यशया संदेष्ट्याने गळवावर अंजिरांचं पोटीस बांधायला सांगितलं. लूक वैद्य होता, आणि पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. पौलाच्या हातून आजारी बरे झाले, तरी आपला सहकारी तीमथ्य ह्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी तो सहज सांगून जातो की त्रफिम आजारी होता, त्याला मी मिलेतात ठेवून आलो. प्रेषिताने आपला सोबती आजारी अवस्थेत मागे ठेवला आणि त्याच्या विश्वासावर एका शब्दाने बोट ठेवलं नाही. स्वतःच्या शरीरातला काटा काढावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली, काटा राहिला, कृपा पुरेशी आहे असं उत्तर मिळालं. तेव्हा बरं होण्यासाठी प्रार्थना जरूर करा, मंडळीच्या वडीलजनांना बोलावून तेल लावून प्रार्थना करवून घ्या, याकोबाच्या पत्रात तसं सांगितलंच आहे. पण जो सेवक तुमच्या भीतीच्या बदल्यात पैसे मागतो आणि गोळ्या बंद करायला सांगतो, त्याला दारातूनच निरोप द्या. देव बरं करतो ह्यावर माझा विश्वास आहे. तो पावती फाडतो ह्यावर नाही.

प्रार्थनेला शब्द येत नाहीत, असं तुम्ही लिहिलंत. मग उसने घ्या. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत आणि त्यांतली मोठी संख्या विलापाची आहे. तेरावं स्तोत्र सहा वचनांचं आहे, पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो. अठ्ठ्याऐंशीवं त्याहून कठीण. त्याच्या शेवटी उजेड पडतच नाही, अंधारातच ते संपतं. भाऊ गेल्यावर दोन महिने मी तेच वाचत होतो, कारण बाकीची स्तोत्रं माझ्यापुढे चालत होती आणि हे एकच माझ्या शेजारी बसलं होतं. असं स्तोत्र देवाने आपल्या पुस्तकात ठेवू दिलं, म्हणजे तशी प्रार्थना त्याला चालते. आणि तेही वाचता आलं नाही तर नुसतं बसा. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल म्हणतो, काय मागावं हे आपल्याला कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा स्वतः शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. रात्री दोन वाजता पतीची उलटी पुसताना तुमच्या तोंडून जे ‘देवा…’ निघतं ना, ती पूर्ण प्रार्थना आहे.

मुलांवर ओरडण्याबद्दल. ते चांगलं नाही हे तुम्हाला माहीतच आहे, म्हणून मी ते पुन्हा सांगत नाही. पण एक गोष्ट करा: ओरडल्यावर, राग उतरल्यावर, मुलांपाशी जाऊन माफी मागा. ‘आई चुकली. तुझा दोष नव्हता. मी बाबांच्या आजारपणाने घाबरलेय.’ मोठ्या माणसाने लहानांकडे मागितलेली क्षमा त्यांना कुठल्याही संडे स्कूलच्या धड्यापेक्षा जास्त शिकवते. तुमच्यासारखीच एक आई मला म्हणाली होती, ‘पवित्र व्हायला मला वेळच नाही हो.’ मी तिला म्हटलं, तुमची माफी मागायला अर्धा मिनिट लागतो. तिने पुढे तेवढंच केलं, रोज, कधी दिवसातून दोनदा. शिवाय मुलांपासून आजार लपवू नका. नववीतल्या मुलीने तो शब्द इंटरनेटवर केव्हाच शोधलेला असणार, आणि आता ती एकटीच घाबरत असणार. चौथीतल्या मुलाला एवढं सांगा की बाबांना मोठा आजार आहे, डॉक्टर औषध देतायत, आपण देवाला मदत मागतोय, आणि हे तुझ्यामुळे झालेलं नाही. शेवटचं वाक्य गाळू नका. मुलं मनात तेच धरून बसतात.

तुम्ही थकलाही आहात. शुश्रूषा करणाऱ्याने झोपणं हे स्वार्थीपणाचं नाही. एलिया संदेष्टा रतामाच्या झाडाखाली ‘आता मला मरण दे’ म्हणाला, तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिलं, दूताने भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. बोलणं नंतर झालं. महिला मंडळातल्या कोणी ‘काही लागलं तर सांगा’ म्हणालं तर लगेच सांगा: मंगळवारी रात्री तुम्ही दवाखान्यात थांबा. माणसांना मदत करायची असते, पण काय करावं ते सुचत नाही. आणि झोप येणं पूर्णच बंद झालं, जगणं नकोसं वाटू लागलं, तर तेही डॉक्टरांना सांगा. त्या औषधातही अविश्वास नाही.

तुम्ही पत्रात हेही विचारलंत की दुःखात असं पवित्र जीवन कोणी खरंच जगलं का. पुणे जिल्ह्यातलं केडगाव, जिथे पंडिता रमाबाईंनी काम केलं, तुमच्यापासून फार लांब नसावं. त्यांच्या नावाचा उल्लेख आपण व्यासपीठावरून इतका करतो की त्यांचं दुःख आपल्याला गुळगुळीत झालंय. सोळा वर्षांच्या असताना, १८७४मध्ये, दुष्काळात त्यांचे आईवडील गेले, पाठोपाठ बहीण. मग भाऊ. लग्न झालं आणि दोन वर्षांच्या आत, १८८२मध्ये, पती पटकीने गेले. कडेवर मुलगी मनोरमा होती. ख्रिस्ताकडे त्या ह्यानंतर आल्या, हे लक्षात घ्या. त्यांचं दुःख मागे कुठे संपलेलं नव्हतं. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, विधवा घेऊन आल्या. स्वतः उपाशी राहिलेल्या बाईला ती भूक ओळखू आली. केडगावच्या माळावर विहिरी खोदल्या, शेती उभी राहिली, छापखाना चालला, अंध मुलींना वाचायला शिकवलं गेलं. कान मंदावत चालले होते, आणि त्या हिब्रू व ग्रीकवरून सबंध बायबल सोप्या मराठीत आणत होत्या. जुलै १९२१मध्ये मनोरमा गेली. जिच्या हाती सगळं सोपवायचं होतं तीच गेली. रमाबाईंनी काम सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या, तेव्हा भाषांतर पूर्ण झालेलं होतं. त्या शेवटच्या आठ-नऊ महिन्यांत त्यांच्या मनात काय चाललं असेल ह्याचा मी पुष्कळदा विचार करतो. पेत्राच्या पत्राच्या चौथ्या अध्यायाचं शेवटचं वचन असं आहे की जे दुःख सोसतात त्यांनी चांगलं करत राहून आपले जीव विश्वासू निर्माणकर्त्याच्या हाती सोपवावेत. ‘चांगलं करत राहून’ हे शब्द त्यांनी भाषांतरित केले तेव्हा घरात कोणाकोणाची जागा रिकामी होती, हे आठवलं की मला ते वचन वेगळंच ऐकू येतं.

तुमच्यासाठी ते ‘चांगलं’ आज कदाचित एवढंच असेल: वेळेवर औषध, कामवाल्या बाईंचा पगार, मुलीच्या केसांची वेणी, खरा दाखला. मी ह्याला कमी म्हणणार नाही.

राहिला तुमचा सर्वांत हळू आवाजातला प्रश्न: बरं होण्यासाठी प्रार्थना करत असताना मरणाबद्दल पतीशी बोललं तर ते अविश्वासाचं होईल का? नाही होणार. येशूने मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत ‘हा प्याला टळून जावो’ आणि ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको’ हे दोन्ही एकाच प्रार्थनेत म्हटलं. घरात सगळेच जेव्हा ‘तुम्ही बरे होणार’ एवढंच म्हणत राहतात तेव्हा आजारी माणूस सर्वांत एकटा पडतो, कारण त्याला आतून काही वेगळं जाणवत असतं आणि ते ऐकायला कोणी नसतं. बँकेची खाती, विम्याचे कागद, घर कोणाच्या नावावर, कुठल्या गीतांनी निरोप हवा, कोणाशी समेट करायचा राहिलाय, हे सगळं बोलण्यासारखं आहे. पण त्यापासून सुरुवात करू नका. पाळकांना सांगून प्रभुभोजन घरी आणवा, दोघं मिळून घ्या. मग एखाद्या रात्री, मुलं झोपल्यावर, त्यांना बरं वाटत असेल अशी वेळ पाहून हात हातात घ्या आणि विचारा, ‘तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?’ उत्तराला वेळ लागेल. मध्ये काही बोलू नका, वचनही सांगू नका. ते बोलेपर्यंत नुसता हात धरून बसा.